फोटोत दाणे का दिसतात आणि ते कमी कसे करावेत

नवीन कॅमेरा हाती आल्यावर बहुतेकांची पहिली तक्रार ठरलेली असते. दिवसाउजेडी काढलेले फोटो स्वच्छ येतात. पण सभागृहात, मंडपात किंवा रात्री घरातल्या दिव्यांत काढलेले फोटो संगणकावर मोठे करून पाहिले की गडद भागांत बारीक दाणे आणि लाल, हिरवे, निळसर ठिपके दिसू लागतात. या दोषाला छायाचित्रकार नॉइज म्हणतात. तो दिसला की नवखा माणूस एकतर कॅमेरा सदोष आहे असे समजतो, नाहीतर आयएसओ (फोटो किती उजळ दिसावा हे ठरवणारा कॅमेऱ्यातील आकडा) वाढवल्यामुळे फोटो बिघडला असे ठरवून पुढच्या वेळी आयएसओ अट्टहासाने कमी ठेवतो. यांतला पहिला समज क्वचितच खरा ठरतो आणि दुसरा अर्धाच खरा आहे. नॉइजचे मूळ बहुतेक वेळा अपुऱ्या प्रकाशात असते. म्हणून तो घालवण्याचे काम सॉफ्टवेअरपासून सुरू न करता सेन्सरपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या चकतीपर्यंत, किती प्रकाश पोहोचला, या प्रश्नापासून सुरू करावे.

आत नेमके काय घडते

शटर उघडे असताना सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल आपल्यावर पडलेल्या प्रकाशकणांची, म्हणजे फोटॉनांची, मोजदाद करत असतो. हे फोटॉन अखंड धारेने येत नाहीत. पावसाची पहिली सर येते तेव्हा अंगणातल्या एका फरशीवर पाच थेंब पडतात आणि शेजारच्या फरशीवर दोनच. पाऊस तासभर पडला की मात्र सगळ्या फरश्या सारख्याच भिजलेल्या दिसतात. पिक्सेलचेही तसेच आहे. सरासरी १०,००० फोटॉन मिळणाऱ्या पिक्सेलांच्या मोजणीत साधारण १०० चा चढउतार असतो, म्हणजे १ टक्का, आणि तो डोळ्यांना जाणवत नाही. सरासरी १०० फोटॉनच मिळाले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के होतो आणि सपाट भिंतही खरखरीत दिसू लागते. चढउतार हा फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो, हा प्रकाशाचाच गुणधर्म आहे. कोणताही महागडा कॅमेरा त्यातून सुटत नाही. एकाच फोटोत आकाश स्वच्छ आणि सावली दाणेदार का दिसते, याचे उत्तरही यातच आहे.

याखेरीज दोन छोटे वाटेकरी आहेत. पिक्सेलमधला विद्युतभार वाचताना कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक्स थोडी गडबड स्वतःहून मिसळते. ती मुख्यतः अगदी काळ्या भागांत दिसते आणि कधीकधी आडव्या किंवा उभ्या पट्ट्यांच्या रूपात समोर येते. दुसरा वाटेकरी उष्णता. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही पिक्सेलांत भार साठत जातो, आणि तापमान साधारण सहा ते आठ अंश सेल्सियसने वाढले की हे प्रमाण दुप्पट होते. मे महिन्यातल्या नागपूरच्या रात्री आणि डिसेंबरातल्या महाबळेश्वरच्या रात्री एकाच कॅमेऱ्याने अर्ध्या मिनिटाचे फोटो काढले, तर त्यांत फरक पडणारच.

आता आयएसओकडे वळू. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश येत नाही. मिळालेला संकेत फक्त मोठा केला जातो आणि त्याबरोबर त्यातला चढउतारही मोठा दिसतो. कॅमेरा ऑटोवर असताना आयएसओ ६४०० वर गेला, याचा अर्थ त्या शटर स्पीडला (शटर उघडे राहण्याचा वेळ) आणि त्या ॲपर्चरला (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा लहान तेवढे ते मोठे) प्रकाश फारच कमी पडत होता. आयएसओचा आकडा हे आजाराचे लक्षण समजावे.

आधी नीट पाहा

फोटो तपासताना मूळ फाइलच घ्यावी. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकुंचित झालेला असतो आणि त्यातले चौकोनी तुकडे अनेकदा नॉइज समजले जातात. मूळ फाइल संगणकावर १०० टक्के आकारात उघडावी. पण त्या दृश्याने घाबरून जाऊ नये. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलांचा असतो आणि १९२० × १०८० च्या पडद्यावर त्याचा जेमतेम बारावा भाग मावतो. हा फोटो पुढे ज्या आकारात वापरायचा आहे, त्या आकारात दाणे खुपतात का, हे पाहून मगच निर्णय घ्यावा.

त्यानंतर दोषाचा प्रकार ओळखावा. रंग तोच राहून फक्त उजेड-अंधाराचे बारीक दाणे दिसत असतील, तर तो तेजाचा नॉइज होय. त्याने फोटो फारसा बिघडत नाही आणि कृष्णधवल फोटोत तर तो शोभूनही दिसतो. काळ्या केसांत किंवा गडद कपड्यांवर जांभळे-हिरवे डाग दिसत असतील, तर तो रंगाचा नॉइज. तो डोळ्यांना जास्त खुपतो; मात्र सॉफ्टवेअरमध्ये सहज निघतो. प्रत्येक फोटोत नेमक्या त्याच जागी लाल, निळा किंवा पांढरा लखलखीत ठिपका असेल, तर तो हॉट पिक्सेल होय.

काही गोष्टी नॉइज नसतात, तरी त्या खात्यात जमा होतात. निरभ्र आकाशात एकाच जागी दिसणारा धूसर गोल डाग ही सेन्सरवरची धूळ असते; एफ १६ सारख्या छोट्या ॲपर्चरला ती ठळक होते. एलईडी किंवा ट्यूबलाइटखाली फोटोभर दिसणारे रुंद गडद-फिकट पट्टे दिव्यांच्या लुकलुकण्याने येतात. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल शटर वापरावे आणि शटर स्पीड १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवून पाहावे; पट्टे नाहीसे झाले तर नॉइजचा प्रश्नच उरत नाही.

कॅमेऱ्यात खरेच दोष आहे का

ही शंका मनात असेल तर ती घरच्या घरी फेडून घ्यावी. लेन्सवर टोपी लावावी, डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरही झाकावा, खोली अंधारी करावी आणि रॉ फाइलीत, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत, आयएसओ १६०० वर एक फोटो १/१०० सेकंदाचा आणि एक ३० सेकंदांचा काढावा. मेन्यूतील लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (ही सोय पुढे समजावली आहे) त्या वेळी बंद असावे. दोन्ही फोटो पूर्ण काळे दिसतील. सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे एक्स्पोजर, म्हणजे उजळपणा, बरेच वाढवून पाहावे. तीस सेकंदांच्या फोटोत काही रंगीत ठिपके उमटणे हे निरोगी सेन्सरचेही लक्षण आहे आणि त्याने चिंता करण्याचे कारण नाही. परंतु १/१०० सेकंदाच्या फोटोतही तेच ठिपके त्याच जागी ठळक दिसत असतील, तर मेन्यूत पिक्सेल मॅपिंग किंवा पिक्सेल रिफ्रेश अशी सोय आहे का ते शोधावे. ऑलिंपस, पॅनासॉनिक आणि निकॉनच्या झेड मालिकेतील कॅमेऱ्यांत ती दिलेली आहे. ही सोय सदोष पिक्सेल हेरते आणि यापुढे त्यांच्या जागी शेजारच्या पिक्सेलांवरून किंमत भरते. कॅमेरा सुरू करून काही मिनिटे झाल्यावर ती चालवावी. एवढे करूनही ठिपके राहिले आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर याच दोन काळ्या फाइली घेऊन सेवा केंद्रात जावे. तोंडी तक्रारीपेक्षा त्या फाइली पाहून निदान लवकर होते.

बिघडलेल्या फोटोचा हिशेब मांडा

निदानातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. प्रत्येक फाइलीत शटर स्पीड, ॲपर्चर आणि आयएसओ नोंदलेले असतात. ते वाचावेत आणि प्रकाश कोठे वाया गेला, ते शोधावे.

गणपतीच्या मंडपातली संध्याकाळची आरती घेऊ. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स ५५ वर ताणलेली, ॲपर्चर एफ ५.६, शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ ६४००. टाळ्या वाजवणारी माणसे फार वेगाने हलत नाहीत, तेव्हा १/१०० सेकंद चालून जाईल. तळहात किंचित पुसट आले तरी आरतीच्या फोटोत ते शोभतात. एवढ्याने प्रकाश दुप्पट झाला आणि आयएसओ ३२०० वर आला. आता ती लेन्स काढून ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली आणि ॲपर्चर एफ २ ठेवले, तर प्रकाश आणखी आठपट वाढतो आणि आयएसओ ४०० वर उतरतो. म्हणजे कॅमेरा तोच, मंडप तोच, दिवेही तेच, पण सेन्सरवर आला सोळापट प्रकाश. प्रमाणाने पाहता नॉइज चौथ्या हिश्श्यावर आला. एफ २ ला फोकसची खोली कमी असते, त्यामुळे आरतीचे ताट धरलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांवर फोकस नेमका हवा आणि मागची गर्दी धूसर होणार, हे मान्य करावे लागते.

केवळ मूर्तीचा फोटो हवा असेल तर गोष्ट आणखी सोपी आहे, कारण मूर्ती हलत नाही. त्याच एफ ५.६ ला आयएसओ १०० ठेवला, तर शटर सुमारे १/३ सेकंद लागेल. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि फोटो घ्यावा. एकच काळजी घ्यावी: ट्रायपॉड मंडपाच्या लाकडी फळ्यांवर उभा असेल आणि बाहेर ढोल-ताशा वाजत असेल, तर फळ्यांची थरथर फोटोत उतरते. ट्रायपॉड जमिनीवर घ्यावा किंवा पथक पुढे सरकेपर्यंत थांबावे.

विषय हलता असेल तर मात्र आयएसओ वाढवायला कचरू नये. कबड्डीच्या सामन्यात १/५०० सेकंद हवे असेल, तर आयएसओ वाचवण्यासाठी ते १/६० वर आणू नये. दाणेदार पण स्पष्ट फोटो नंतर बराच सुधारता येतो. हललेला फोटो सुधारत नाही. ऑटो आयएसओ वापरणाऱ्यांनी त्यातील किमान शटर स्पीडची सोय विषयानुसार लावून ठेवावी आणि कमाल मर्यादा स्वतःच्या कॅमेऱ्याची चाचणी घेऊन ठरवावी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

एक्स्पोजर गडद ठेवू नका

आयएसओ कमी राहावा म्हणून फोटो जाणूनबुजून काळपट काढायचा आणि घरी येऊन उजळायचा, ही सवय नवोदितांत फार दिसते. त्याने काहीच हाती लागत नाही. शटर आणि ॲपर्चर तेच असतील, तर सेन्सरवर आलेला प्रकाश तेवढाच राहतो. नवीन सेन्सरांवर असा उजळलेला फोटो जास्त आयएसओला काढलेल्या फोटोइतकाच दाणेदार निघतो आणि बऱ्याच जुन्या सेन्सरांवर तर त्याहून खराब, पट्ट्यांसकट.

याउलट, प्रकाश हाताशी असेल तेव्हा शटर थोडे सावकाश करून किंवा ॲपर्चर उघडून हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद ते उजळ पिक्सेलांचा आलेख) उजवीकडे झुकेल इतका प्रकाश घ्यावा आणि नंतर फोटो हवा तितका गडद करावा. प्रकाश दुप्पट झाला की नॉइजचे प्रमाण सुमारे १.४ पटीने कमी होते. मर्यादा एवढीच की, उजळ भाग पांढरेफटक होऊ देऊ नयेत, कारण तिथला तपशील परत मिळत नाही. समईची ज्योत पांढरी झाली तर हरकत नाही. पण वधूच्या कपाळावर किंवा पांढऱ्या सदऱ्यावर हायलाइटचा (अतिउजळ भागाचा) इशारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकू लागला, तर लगेच एक्स्पोजर उतरवावे.

दिव्यांचा रंगही मोजावा लागतो. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत वापरली जाणारी रंगजाळी, म्हणजे सेन्सरवरची रंगीत गाळण्यांची जाळी, कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी शोधली आणि तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. तिच्यात निम्मे पिक्सेल हिरव्या रंगाचे, पाव लाल आणि पाव निळ्या रंगाचे असतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश मुळातच कमी असतो. कॅमेरा व्हाइट बॅलन्स साधताना, म्हणजे पांढरी वस्तू पांढरीच दिसावी म्हणून रंग जुळवताना, हा निळा संकेत कितीतरी पट वाढवतो आणि त्याच्याबरोबर त्यातले दाणेही वाढतात. तुमच्याकडील सॉफ्टवेअरमध्ये रंगांचे चॅनेल वेगळे पाहता येत असतील, तर पिवळ्या दिव्यातला एखादा फोटो उघडून फक्त निळा चॅनेल पाहावा. हिरव्या चॅनेलमध्ये गुळगुळीत दिसणारा गाल तिथे किती खरखरीत आहे, हे एकदा पाहिले की जिथे सोय असेल तिथे पांढरा दिवा का लावून घ्यावा, ते पटते.

प्रकाश वाढवण्याचे साधे मार्ग आधी संपवावेत. माणसाला खिडकीजवळ बसवावे. खोलीतला दिवा लावण्याची विनंती करावी. कोणी नाही म्हणत नाही. फ्लॅश वेगळा असेल तर तो पांढऱ्या छताकडे वळवावा, म्हणजे चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. नवीन बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेण्याचा विचार या सगळ्यानंतर करावा. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो आणि एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, क्षेत्रफळातला फरक सव्वादोनपटीहून थोडा अधिक आहे. किटच्या, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या, लेन्सऐवजी एफ १.८ ची लेन्स घेतल्याने होणारा फायदा यापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि खर्च बराच कमी. माझ्या मते नवोदितांनी पैसे आधी तिथेच घालावेत.

कॅमेऱ्यातील दोन सोयी

हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ही सोय सामान्यतः कॅमेऱ्यात तयार होणाऱ्या जेपीईजी फोटोंवर चालते. रॉ फाइलीवर तिचा परिणाम होत नाही. जेपीईजीच वापरणाऱ्यांनी ती कमी किंवा मध्यम ठेवावी, कारण जास्तीत जास्त ठेवली की केस आणि कापडाचा पोत पुसला जातो. ज्यांना फोटोवर नंतर काम करायचे आहे, त्यांनी रॉ वापरणेच इष्ट.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन वेगळ्या रीतीने काम करते. तीस सेकंदांचा फोटो झाला की कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी तीस सेकंदांचा काळा फोटो घेतो आणि त्यात दिसलेले उष्णतेचे ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. किल्ल्यावरून रात्रीच्या दरीचा एकच फोटो घ्यायचा असेल, तर ही सोय जरूर सुरू ठेवावी. ताऱ्यांच्या रेषांसाठी सलग फोटो घेत असाल तर बंद ठेवावी, नाहीतर प्रत्येक दोन फोटोंमध्ये अर्ध्या मिनिटाची फट पडून रेषा तुटक येतात. अशा रात्री लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचे थेट दृश्य) विनाकारण चालू ठेवून किंवा मधेच व्हिडिओ काढून सेन्सर तापवू नये.

अनेक फोटोंची सरासरी

विषय स्थिर आहे, पण फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉडही लावता येत नाही, अशा ठिकाणी ही रीत फार उपयोगी पडते. अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि आतला उजेड मंद ठेवलेला असतो. तिथे कॅमेरा घट्ट धरून, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअलवर पक्के करून, एकाच चौकटीचे सलग सोळा फोटो घ्यावेत. चित्र सगळ्यांत सारखे असते, दाणे मात्र प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात. त्यामुळे सरासरी काढली की दाणे एकमेकांना खोडतात. चार फोटोंच्या सरासरीने नॉइज निम्मा होतो आणि सोळांच्या सरासरीने चौथा हिस्सा उरतो. फोटोशॉपमध्ये सगळे फोटो एकाच फाइलीत थर म्हणून उघडावेत, थर एकमेकांवर जुळवून घ्यावेत, त्यांचे एक स्मार्ट ऑब्जेक्ट करावे आणि स्टॅक मोडमध्ये मीन (सरासरी) निवडावे. मधूनच कोणी समोरून गेले असेल तर मीडियन (मधली किंमत) निवडावे. मोबाइलमधला नाइट मोडही अनेक फोटो जुळवूनच चित्र तयार करतो.

शेवटी सॉफ्टवेअर

लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल उघडली की रंगाच्या नॉइजचा स्लायडर आधीच २५ वर असतो आणि बहुतेक फोटोंना तो पुरतो. तेजाचा स्लायडर शून्यावर असतो. तो हळूहळू वर न्यावा आणि पापण्या, केस किंवा पैठणीच्या काठावरची जर यांच्याकडे १०० टक्के आकारात लक्ष ठेवावे. जरीचे धागे एकमेकांत विरघळू लागले की तिथून मागे यावे. थोडे दाणे राहिलेला चेहरा मेणासारख्या गुळगुळीत चेहऱ्यापेक्षा नेहमीच चांगला दिसतो. २०२३ सालापासून लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी डीनॉइज ही सोयही आली आहे. ती प्रभावी आहे. परंतु पूर्ण जोराने वापरल्यास दूरचे चेहरे आणि पाट्यांवरची अक्षरे चमत्कारिक होऊ शकतात, म्हणून तेवढे भाग तपासून पाहावेत. ज्यांना खर्च करायचा नाही, त्यांच्यासाठी डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातील डीनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल तुमच्या कॅमेऱ्याच्या आणि आयएसओच्या मोजमापांवरून मूल्ये स्वतःच लावते.

शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणे, नेहमी नॉइज कमी केल्यानंतर करावे, आणि लाइटरूममध्ये मास्किंगचा स्लायडर वाढवून ते फक्त कडांपुरते ठेवावे. स्लायडर ओढताना ऑल्ट कळ दाबून ठेवली की कोणत्या भागांवर ते लागू होते, ते काळ्यापांढऱ्यात दिसते. क्लॅरिटी, डीहेझ आणि शॅडोज हे तिन्ही स्लायडर दाणे वर काढतात. सावलीतला प्रत्येक कोपरा उजळलाच पाहिजे असे नाही. मंडपाचा मागचा पडदा काळा राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही. फोटो फार कापल्यानेही दाणे मोठे दिसतात, म्हणून चौकट शक्यतो काढतानाच नीट धरावी.

छपाईसाठी देताना आकाराचा हिशेब पुन्हा करावा. १२ × ८ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआय धरून ३६०० × २४०० पिक्सेल पुरतात. चोवीस मेगापिक्सेलची फाइल तेवढी लहान केली की जवळपास तीन पिक्सेलांचा एक होतो आणि बरेच दाणे त्यातच मिटतात. ३० इंचांचे मोठे प्रिंट करायचे असेल, तर आधी त्याच आकारातल्या फोटोचा, चेहरा आणि सावली दोन्ही येतील असा ६ × ४ इंचांचा तुकडा कापून लॅबमधून त्याच कागदावर छापून घ्यावा, जिथे प्रिंट लागणार आहे त्या भिंतीवर टेकवून नेहमीच्या अंतरावरून पाहावा आणि मगच पूर्ण आकाराची ऑर्डर द्यावी.